आज पुस्तकं पूजेला बसलीत

पुस्तकांच्या जादूवर लिहिलेल्या कादंबऱ्यांचं सगळं ठरलेलं असतं. पुस्तक जुनं असतं, चामड्याच्या बांधणीचं असतं, त्याला पितळी कडी असते आणि ते अशा दुकानात सापडतं, जिथे म्हाताऱ्या मालकाशिवाय चिटपाखरू नसतं. (दुकानाचं भाडं कोण भरतं, हे एकाही कादंबरीत आलेलं नाही.) बाहेर पाऊस पडत असतो. आत बारा-तेरा वर्षांची नायिका शिरते आणि हजारो पुस्तकांमधून ते एकच पुस्तक तिच्याकडे रोखून बघायला लागतं. वर्षानुवर्षं ते तिचीच वाट बघत असतं.

माझी वाट आजवर कुठल्याही पुस्तकानं पाहिलेली नाही. माझ्याकडे पुस्तकं येतात ती समारंभात ‘पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक’ अशी टूम निघाल्यापासून, किंवा एखाद्या कवीनं जिन्यात गाठून, आत ‘सस्नेह’ लिहून, ‘सावकाश वाचा, पण कळवा’ असा दम देऊन हातात कोंबली म्हणून. अप्पा बळवंत चौकात माझं अर्धं आयुष्य गेलं. तिथे मला हाक मारली ती फक्त दुकानातल्या माणसानं, “साहेब, बघून झालं असेल तर जागेवर ठेवा.”

तरीही असल्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचतो. “तुझ्या वयाची माणसं ज्ञानेश्वरी घेऊन बसतात,” असं बायको म्हणते. मी म्हणतो, “बसतात. वाचतात का ते विचार.”

या वेळी हाती लागली होती ‘इंकहार्ट’. कॉर्नेलिया फुंके या जर्मन बाईंची, २००३ सालची. त्यात मो नावाचा एक बुकबाइंडर आहे. हा माणूस मोठ्यानं वाचायला लागला की पुस्तकातली पात्रं सरळ बाहेर येऊन उभी राहतात. ऐकायला छान वाटतं, पण व्यवहार रोखीचा आहे: आतून कुणी बाहेर आलं की बाहेरचं कुणीतरी आत जातं. एकदा मोनं रात्री बायकोला ‘इंकहार्ट’ नावाचंच एक पुस्तक वाचून दाखवलं. कॅप्रिकॉर्न नावाचा खलनायक बाहेर आला, बायको आत गेली. तेव्हापासून तो आपल्या मुलीला, मेगीला, मोठ्यानं काही वाचून दाखवत नाही. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तू मला कधीच काही वाचून का दाखवत नाहीस, ते प्रेमापोटी होय?”

तर अशी ही कादंबरी घेऊन मी ऐन नवरात्रात कुंभकोणमला पोचलो. बायकोच्या आजोळचं एक घराणं तिथे आहे. व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात ही मंडळी दक्षिणेत उतरली. पुढे १८५५ मध्ये तंजावरचं राज्य खालसा झालं, तरी ती परत निघाली नाहीत. तोवर इथल्या कॉफीची सवय लागली होती, असं काका सांगतात. काका म्हणजे मावशींचे यजमान आणि मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या चुलतबहिणीच्या... हे नातं बायकोनं गाडीत सांगितलं होतं, पण मी तेव्हा वाचत होतो. मावशींची मराठी तीनेकशे वर्षांपूर्वी देशावरून निघाली, ती वाटेत लागलेली तमिळ सोबत घेत चालत आलेली आहे. पहिल्या दिवशी मला निम्मं कळत होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की उरलेलं निम्मं माझ्यासाठी नव्हतंच, ते माझ्याविषयी होतं.

दिवाणखान्यात कोलू मांडलेला. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या: दशावतार, लग्नाचं वऱ्हाड, किराण्याची पोती पुढे ठेवून बसलेले वाणी आणि वाणीण, आणि नातवाच्या हट्टाखातर एक क्रिकेटचा संघ. रोज संध्याकाळी बायका येत, गाणी म्हणत, सुंडल खात. मी झोपाळ्यावर बसून वाचत असे. घरात सगळे माझ्याशी फार आदरानं वागत होते. पुण्याचा जावई सारखा वाचतो, म्हणजे विद्वान असणार, अशी समजूत झाली होती. मुखपृष्ठावर परी-बिरी नव्हती, हे माझं नशीब.

महानवमीच्या सकाळी कादंबरी ऐन रंगात आली. कॅप्रिकॉर्ननं मेगीला सगळ्या गुंडांसमोर खुर्चीवर बसवलंय. तिलाही बापाची विद्या अवगत आहे, हे आता कळलंय. तिनं मोठ्यानं वाचायचं आणि पुस्तकातून ‘शॅडो’ नावाचा एक भयंकर प्राणी बाहेर काढायचा. ती पुस्तक उघडते. एवढ्यात समोर मावशी उभ्या. हातात चंदन-कुंकवाचं तबक.

“जावईबापू, पुस्तक द्या.”

मला वाटलं, त्यांनाही वाचायचंय. म्हटलं, “एवढं प्रकरण संपलं की देतो.”

“वाचायला नको. पूजेला.”

पुढच्या मिनिटात इंकहार्ट देवघरात. खाली दासबोधाची पोथी, त्यावर नातीचं दहावीचं भौतिकशास्त्र, त्यावर काकांचं बँकेचं पासबुक, मग माझी कादंबरी, तिच्यावर घरजावयासारखा ऐसपैस बसलेला मुलाचा लॅपटॉप. सगळ्यांना चंदनाचं बोट आणि कुंकवाचा टिळा. वरून रेशमी वस्त्र.

“परत कधी मिळेल?”

“उद्या. विजयादशमीला पुनर्पूजा झाली की.”

“तोवर?”

“तोवर वाचायचं नाही.”

“हे पुस्तक?”

“काहीच.”

आपल्याकडेही खंडेनवमीला वह्या-पुस्तकांची पूजा होते. पण आपण हळदकुंकू वाहतो आणि दुपारी तेच पुस्तक उशाला घेऊन पडतो. तमिळनाडूत सरस्वतीपूजा म्हणजे सरस्वतीची पगारी सुट्टी. त्या दिवशी पुस्तक देवीच्या ताब्यात. घरातली पोरं या कायद्याची वर्षभर वाट बघतात. दहावीतली नात तर एवढी धार्मिक झाली होती, की तिनं माझ्यावर पहारा करायचं पुण्यकर्म आपण होऊन अंगावर घेतलं.

आपण किती वाचतो, हे वाचू नको म्हटल्यावर कळतं. मी स्वयंपाकघराच्या दारात कॉफीची वाट बघत उभा होतो. समोर कॉफीच्या पुडीचा डबा.

“मामा, तुम्ही वाचताय.”

“नाही गं, बघतोय नुसता.”

“ओठ हलतायत.”

मग मी केसांच्या तेलाची बाटली, कॅलेंडर, पंख्यावरचं कंपनीचं नाव यांकडे पाठ करून बसायला लागलो. भिंतीकडे तोंड करावं तर तिथे काकांच्या निवृत्तीचं मानपत्र. ते तमिळमध्ये होतं, मला एक अक्षर येत नाही, तरी नात म्हणाली, “मामा, प्रयत्नसुद्धा करायचा नाही.” सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीचा प्रश्न आला. दोन पाकिटं, दोन्ही चंदेरी. मावशी म्हणाल्या, “रंगावरून ओळखा.” शेवटी बायकोनं पदराआड धरून नाव वाचलं. पाप तिला लागलं, गोळी मला मिळाली.

खरं तर पुस्तकाच्या जादूचा धडा जर्मन बाईंकडून घ्यायची आपल्याला गरजच नाही. आपल्याकडे साध्यातल्या साध्या पोथीलाही शेवटी फलश्रुती असते. वाचणाऱ्याला संतती, संपत्ती, आरोग्य, शत्रुनाश, एवढंच नव्हे, तर नुसतं ऐकणाऱ्यालाही जवळजवळ तेवढंच. एवढी हमी द्यायची हिंमत आजचा कुठला प्रकाशक करतो? तो फार तर मागच्या पानावर ‘वाचनीय’ म्हणतो. आणि न वाचता फळ मिळवण्यात तर आपण सगळेच वाकबगार. पोथी लाल फडक्यात बांधून ठेवायची, दसऱ्याला उघडायची, फूल वाहायचं, परत बांधायची. माझ्या घरी विश्वकोशाचे खंड असेच आहेत. फक्त फडकं नाही.

मावशींचा नियम मला जाचत होता, त्याचं आणखी एक कारण होतं. आदल्याच दिवशी आम्ही तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय बघून आलो होतो. दुसरे सरफोजीराजे म्हणजे पुस्तकांपायी पार वेडा झालेला मराठी माणूस. इंग्रजांनी राज्यकारभार हातातून काढून घेतला, नावाला राजेपण ठेवलं. दुसरा कुणी असता तर शिकारीला गेला असता. हे पुस्तकांमागे लागले. युरोपातून मागवली, काशीयात्रेला गेले तर तिथून हस्तलिखितं घेऊन आले. तमिळ, संस्कृत, मराठी, मोडीतले कागदांचे गठ्ठे, ताडपत्रं. शिवाय पाककृतींची पोथीही. पुस्तकांवर राजेसाहेबांनी इंग्रजीत सह्या केलेल्या आहेत. हे वाचून मला फार बरं वाटलं. तंजावरच्या महाराजांनासुद्धा पुस्तकावर नाव घालून ठेवावंसं वाटलं, म्हणजे नेऊन परत न देणारे पाहुणे दरबारातही येत असावेत.

या ग्रंथालयात कसर लागू नये म्हणून जुन्या पद्धतीनं पुरचुंड्या ठेवतात: वेखंड, काळं जिरं, लवंग, दालचिनी, मिरी, वर कापूर. म्हणजे जवळजवळ गरम मसालाच. कसर पळते आणि आमच्यासारख्या वाचकाला भूक लागते.

पण राजांनी खरी कडेकोट व्यवस्था केली ती बृहदीश्वराच्या देवळात. भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास १८०३ मध्ये त्यांनी तिथल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. ओळीमागून ओळी, भलामोठा शिलालेख. बाकीचे लोक याला ऐतिहासिक ठेवा म्हणतात. माझ्या मते, ‘दोन दिवसांत परत देतो’ म्हणून कुणालाही नेता येणार नाही असं हे एकमेव मराठी पुस्तक आहे.

पूजेच्या दिवशी दुपारी वेळ जाईना म्हणून बायकोनं वैत्तीश्वरन कोयिलला जायचं काढलं. नाडीज्योतिषाचं गाव. तिथली श्रद्धा अशी, की अगस्त्य आणि इतर ऋषींनी तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचं आयुष्य फार पूर्वीच ताडपत्रावर लिहून ठेवलंय. तुम्ही गेलात, अंगठा दिलात, की तुमचं पान शोधतात. मी उडालोच. वर्षानुवर्षं वाट बघणारं पुस्तक म्हणतात ते हेच! चामड्याचं नाही, ताडाचं आहे, एवढाच फरक.

निघालो बसनं. आयुधपूजेमुळे बसच्या पुढे केळीचे खुंट, काचेवर चंदन, आणि गावाच्या पाटीवर झेंडूचा जाडजूड हार. पाटी वाचायची सोयच नव्हती, त्यामुळे नियमही मोडला नाही. जायचं होतं पूर्वेला, बसनं उतरवलं पश्चिमेला, दारासुरमला. बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ, जागतिक वारशाच्या यादीतलं, दगडी रथासारखा मंडप, पायऱ्यापायऱ्यांवर शिल्पं. बायको म्हणाली, “बघ, नेहमी पाट्या वाचून जातोस, म्हणून असलं काही सापडत नाही.” पुढे टॅक्सी केली.

वैत्तीश्वरन कोयिलला रस्ताभर नाडीवाल्यांचे फलक. एका ठिकाणी शिरलो. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, वागणं एकदम बँकेच्या काउंटरसारखं.

“आज वाचन नाही, सार. पानं पूजेला बसलीत.”

“सगळी?”

“सगळी. तुमचं, माझं, सगळ्यांचं भविष्य आज पूजेत. उद्या या.”

“आम्हाला उद्या जमणार नाही.”

“मग अंगठा देऊन जा. फोनवर सांगू.”

अंगठा घेणं म्हणजे वाचन नव्हे, त्यामुळे ते काम चालू होतं. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. माझ्या अंगठ्याकडे त्यानं जरा वेळ बघितलं आणि बाजूच्या माणसाला हळूच काहीतरी म्हणाला. बायकोचा घेतला तेव्हा काही म्हणाला नाही. परतीच्या वाटेत हाच विषय होता.

संध्याकाळी काका मला गावात फिरवायला घेऊन गेले. आधी कॉफी. कुंभकोणमची डिग्री कॉफी पितळी दवरा-टंब्लरमध्ये येते आणि ती प्यायच्या आधी खालीवर ओतून फेसाळायची असते. काका हातभर उंचीवरून थेंब न सांडता ओततात. माझी अर्धी कॉफी दवऱ्यात, पाव धोतरावर आणि उरलेली उत्तम होती. धोतर काकांचं होतं.

काकांच्या मते जगातल्या सगळ्या बुद्धीचा उगम कुंभकोणममध्ये आहे. “आमचं गव्हर्न्मेंट कॉलेज १८५४ सालचं. दक्षिणेचं केंब्रिज म्हणत त्याला.” मग माधवराव. हे टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले, त्रावणकोरचे दिवाण झाले, इंदूरचे झाले, शेवटी सयाजीराव लहान असताना बडोद्याचे झाले.

“माधवराव आमचेच.”

“नात्यातले?”

“मराठी ना? मग आमचेच.”

मग स्वामीनाथ अय्यर. तमिळ लोक ज्यांना ‘तमिळ ताता’, म्हणजे तमिळचे आजोबा म्हणतात, ते १८८० मध्ये याच कॉलेजात तमिळ शिकवायला आले. तेव्हा गावात रामस्वामी मुदलियार नावाचे मुन्सिफ होते. अय्यर मोठ्या उत्साहानं त्यांना भेटायला गेले आणि आपण काय काय वाचलंय त्याची यादी ऐकवायला लागले. मुन्सिफ ढिम्म. आणखी नावं सांगितली, तरी ढिम्म. शेवटी मुन्सिफांचं म्हणणं असं पडलं, की हे सगळं वाचून उपयोग काय? त्याहून जुने ग्रंथ पाहिलेत का? ‘जीवक चिंतामणी’ वाचलंय का?

मला त्या प्रसंगी अय्यरांबद्दल फार आपुलकी वाटली. असले मुन्सिफ मला प्रत्येक साहित्य संमेलनात भेटतात. तुम्ही काहीही वाचलेलं सांगा, ते ‘हो, पण त्याचं आधीचं?’ असं विचारून तुम्हाला चहाच्या रांगेत मागे सरकवतात. फरक एवढाच, की मी घरी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडतो. अय्यर मात्र गावोगाव ताडपत्रं शोधत हिंडायला लागले. कुठे वाळवीनं खाल्लेली, कुठे लोकांनी नदीला अर्पण केलेली, कुठे चुलीत घातलेली. त्यातून ‘जीवक चिंतामणी’ १८८७ मध्ये छापून निघालं आणि पुढे संघम काळातली काव्यं एकेक करून वर आली. एका माणसानं दुसऱ्याच्या वाचनाला नाक मुरडलं आणि त्यातून इतकं चांगलं काही निघालं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मुन्सिफ लोकांनी मात्र हे उदाहरण मनावर घेऊ नये.

फिरत फिरत आम्ही शार्ङ्गपाणीच्या देवळासमोरच्या रस्त्यावर आलो. एका लहानशा घरासमोर काका थांबले. हे रामानुजनचं घर. आता तिथे स्मारक आहे. २००३ मध्ये राष्ट्रपती कलामांनी त्याचं उद्घाटन केलं.

“इथे जादू झाली,” काका म्हणाले. “नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नात येऊन सूत्रं सांगायची.”

मी म्हटलं, “काका, देवी नंतर आली असेल. आधी गाईड आलं.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. पण खरं तेच आहे. १९०३ च्या सुमारास, सोळाएक वर्षांच्या रामानुजनच्या हाती एका मित्राकरवी कॉलेजच्या लायब्ररीतलं एक पुस्तक आलं. कार नावाच्या इंग्रज मास्तरांचं. कादंबरीवाल्यांनी कल्पना केली असती तर त्याला निदान सोन्याची कड दिली असती. प्रत्यक्षात कारसाहेब केंब्रिजच्या परीक्षेसाठी पोरांकडून तयारी करून घेणारे खाजगी क्लासवाले. पुस्तक १८८० च्या दशकातलं, दोन भागांत. आत सुमारे ५००० सूत्रं, एकाखाली एक, क्रमांक घालून. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच, असलीच तर ओळभर. थोडक्यात, परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढून वाटतात, त्या जातीचा ऐवज. इंग्लंडात हजार पोरांनी ते वाचलं असेल, पास होऊन विसरले असतील. कुंभकोणममध्ये एका पोरानं ते उघडलं आणि सिद्धता दिली नाही म्हणून स्वतः करत बसला. कागद महाग, म्हणून पाटीवर. पुसायला फडकं घेण्यात वेळ जातो, म्हणून कोपरानं.

इथे फुंकेबाईंचा नियम लागू झाला. पुस्तकातून गणित बाहेर आलं आणि बदल्यात बाकीचे सगळे विषय आत गेले. कॉलेजात इंग्रजी निबंधात नापास. शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये पोरगा कुणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला आणि घरच्यांवर वर्तमानपत्रात ‘मुलगा हरवला’ छापायची वेळ आली. पुढे मद्रासच्या कॉलेजात गेला, तिथेही नापास. जादूच्या कादंबऱ्यांत पुस्तक मुलाला निवडतं, तेव्हा त्याच्या आईला कुणी विचारत नाही. वडील साडीच्या दुकानात कारकून. त्यांना जर त्या काळी कुणी सांगितलं असतं, की तुमच्या मुलाला एका पुस्तकानं निवडलंय, तर त्यांनी आधी त्या मित्राला आणि मग लायब्ररीला गाठलं असतं.

“पण शेवटी केंब्रिजला गेलाच ना?” काका म्हणाले.

“१९१४ मध्ये गेला. मधली नऊ वर्षं कोणी मोजायची?”

“तुम्ही फार वाचता,” काका म्हणाले, आणि आज वाचायचं नसतं हे आठवून त्यांनी कानाला हात लावला.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती त्यांना आवडली. रामानुजन १९२० मध्ये गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांतले कागद इंग्लंडात या गणितज्ञाकडून त्या गणितज्ञाकडे फिरत राहिले आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज नावाच्या अमेरिकन गणितज्ञाला ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात एका खोक्यात मिळाले. शंभराहून अधिक पानं, सहाशेच्या वर सूत्रं. गणितज्ञ त्याला ‘हरवलेली वही’ म्हणतात. काका म्हणाले, “ग्रंथालयातच होती, मग हरवली कशी?” काकांना पुण्यातली ग्रंथालयं दाखवायला हवीत.

विजयादशमीला पहाटे पुनर्पूजा झाली. रेशमी वस्त्र निघालं. मी सर्वांत पुढे. पण पुस्तक असं हातात मिळत नाही. त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या पुस्तकातलं थोडं देवीसमोर वाचायचं असतं.

“मोठ्यानं,” मावशी म्हणाल्या.

“मोठ्यानं?” माझा आवाज बारीक झाला.

नात भौतिकशास्त्रातली तीन वाक्यं जेवढ्या लवकर वाचता येतील तेवढ्या लवकर वाचून मोकळी झाली. काकांनी पासबुकातली शिल्लक वाचायचं टाळलं, फक्त बँकेचं नाव आणि शाखा वाचली. धाकट्या नातवानं बालवाडीच्या पुस्तकातला हत्ती बोटानं दाखवला. मग माझी पाळी. खूण जिथे होती ते पान नेमकं तेच: मेगी पुस्तक उघडते आणि मोठ्यानं वाचायला लागते. मी ही गोष्ट त्या पोरांना दोन रात्री रंगवून सांगितलेली. नातू हळूच सरकत कोलूच्या पायऱ्यांमागे गेला. वाण्याची एक बाहुली पडली. बायको माझ्यापासून दोन हात दूर झाली. “उगाच आत-बित जायला नको,” ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. पुणेरी इंग्रजी, समोर समया, उदबत्तीचा धूर. पुस्तकात राखेतून तो राक्षस उठायची वेळ झाली, तेवढ्यात दार करकरलं आणि दारात एक उंच, काळी, छत्रीधारी आकृती उभी राहिली.

नातू किंचाळला.

आकृती म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक. विजयादशमीचा नमस्कार करायला आले होते. माझं वाचन त्यांनी फाटकापासून ऐकलं होतं.

“काय वाचता आहात? बघू?”

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कुंकवाचा टिळा डोळ्यांना लावला, चाळलं. कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातला उतारा दिलेला आहे. ते बघून प्राध्यापकांचे डोळे चमकले. कुणीही वाचणारा माणूस दुसऱ्याच्या पुस्तकाकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी ओळखतो. माझ्या घरची अर्धी पुस्तकं त्याच नजरेनं आलेली आहेत.

“रात्री परत देतो,” ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. मावशी मध्ये पडल्या. “जावईबापू, आजच्या दिवशी विद्या मागायला आलेल्याला नाही म्हणू नये.”

पुस्तक गेलं. नातू कोलूमागून बाहेर आला आणि अत्यंत समाधानानं म्हणाला, “मामा, खरंच झालं. एक जण बाहेर आला आणि पुस्तक आत गेलं.”

रात्री प्राध्यापक आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं, की ते मुलीकडे चेन्नईला गेलेत, दिवाळीनंतर येतील. “गाडीत वाचायला होईल म्हणत होते,” मावशींनी कौतुकानं सांगितलं. बायकोला म्हटलं, दुसरी प्रत घेऊ. ती म्हणाली, “शेवट हवाय ना? सिनेमा आलाय त्याचा, २००८ मध्ये. सांगू?” मी कानात बोटं घातली. स्टेशनला जाताना रिक्षात फोन वाजला.

“सार, वैत्तीश्वरन कोयिलहून. तुमचं पान शोधतोय. वडिलांच्या नावात तीन अक्षरं?”

“नाही.”

“चार?”

“हो.”

“नावात देव आहे?”

“आहे.”

“आईच्या नावात नदी?”

“नाही.”

“फूल?”

“नाही.”

“धातू? रत्न?”

“सोनं आहे,” मी म्हटलं. आईचं नाव सुवर्णा.

“सापडलं,” तो म्हणाला. “पहिलं कांडम् सामान्य. पुढचं प्रत्येक कांडम् वेगळं, पैसे वेगळे. काय विचारायचंय? धन? आरोग्य? परदेशगमन?”

रिक्षावाल्याला स्टेशन जवळ आलं म्हणून घाई होती, बायको हातानं ‘धन’ असं सुचवत होती. मी विचारलं, “माझं एक पुस्तक एकानं वाचायला नेलंय. ते परत मिळेल का?”

पलीकडे बराच वेळ पानांची खुडखुड ऐकू आली.

“कोर्टाची केस असेल तर सहावं कांडम् आहे, सार. कर्जाचंही त्यातच येतं. शत्रुपीडा पण आहे. वाचायला नेलेलं पुस्तक...” त्यानं फोनवर हात ठेवून आतल्या कुणाला तरी तमिळमध्ये विचारलं. आतून दोघे जण हसले. मग तो परत फोनवर आला.

“नवीन घेऊन टाका, सार. केवढ्याला आहे?”